काठीचे फोटो

काठीच्या होळीला जायचं हे गेली सहा-सात वर्षं नुसतं ठरत होतं. दरवर्षी मार्च आला की हापिसात काहीतरी रिलीज निघायचं आणि होळी पुढच्या वर्षावर ढकलली जायची. यंदा म्हटलं, रिलीज गेलं खड्ड्यात. रजा टाकली, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज केल्या आणि निघालो. पुण्याहून धुळे, नंदुरबार, पुढे अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट चढून मोलगीच्या रस्त्यावर काठी. त्या भागात माझा हॉस्टेलचा रूममेट एका आश्रमशाळेत शिकवतो. दोन वर्षं आयटीत काढून तो जो पळाला तो तिकडेच रमला. आम्ही त्याला कॉलेजपासूनच 'मास्तर' म्हणायचो, गडी खरंच मास्तर झाला.

काठी म्हणजे सातपुड्यातलं जुनं संस्थान. तिथली राजवाडी होळी बघायला आसपासच्या डोंगरांतून हजारो लोक येतात. बांबूचा प्रचंड उंच दांडा आणतात, त्याचा खड्डा हातांनी खणतात, रात्रभर ढोल आणि नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. पालनी पाळणारे पुरुष डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधून नाचत असतात. बाया-पोरी एकेका गावाच्या घोळक्याने येतात, बऱ्याचदा एकाच रंगाच्या साड्या नेसून, अंगावर घरातली सगळी चांदी. आणि या सगळ्याच्या भोवती आम्ही. आम्ही म्हणजे कॅमेरेवाले. खरं सांगतो, काही ठिकाणी नाचणाऱ्यांपेक्षा लेन्स जास्त होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरच्या खोलीवर लॅपटॉप उघडून फोटो बघत बसलो. एकूण ३४० होते. सवयीने फोल्डर पाडायला घेतले: दांडा, ढोल, पुरुष, बायका. आणि पाडता पाडता एक गोष्ट अशी दिसली की मी जरा सटपटलो. पुरुषांचे फोटो जवळजवळ सगळे पूर्णाकृती होते. पाय उचललेला, टोप हललेला, ढोलावर काठी पडतेय, मागे गर्दी. म्हणजे माणूस काय करतोय ते कळत होतं. बायकांचे शंभरएक फोटो होते आणि त्यातले बहुतेक जवळून घेतलेले. गळा, कानातलं, पाठ, कमरेवरचा चांदीचा पट्टा. त्या नाचत होत्या हे त्या फोटोंवरून सिद्धच झालं नसतं. तीनचार फोटोंत एका पोरीने पदर तोंडावर ओढलाय, आणि मी तो ओढतानाचा क्षण ओळीने टिपत गेलोय.

मी काही लंपट माणूस नाही हो. (असं प्रत्येकजणच म्हणतो.) मला तेव्हा वाटलं होतं की मी चांदीचे फोटो काढतोय.

हे असं काहीतरी मी आधी कुठेतरी पाहिलंय असं राहून राहून वाटत होतं, आणि मग आठवलं कुठे ते.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत खेळाच्या व्हिडिओंच्या थंबनेलचं काम करायचो. म्हणजे यादीत प्रत्येक व्हिडिओचं जे छोटं चित्र दिसतं, ते कुठलं लावायचं हे ठरवणारा प्रोग्राम. प्रकार साधा होता. एका व्हिडिओतून आठ फ्रेम काढायच्या, सुरुवातीला लोकांना आलटून पालटून दाखवायच्या, आणि जिच्यावर जास्त क्लिक पडतील ती जास्त दाखवायची. आमच्या धंद्यात याला मल्टी-आर्म्ड बँडिट म्हणतात. जुगाराच्या आठ मशीनपुढे बसलेला माणूस जसं हळूहळू पैसे देणाऱ्या मशीनवरच जास्त खेळायला लागतो, तसं.

पुरुषांच्या क्रिकेटला प्रोग्राम दिवसभरात उडालेल्या स्टंपवर नाहीतर वर केलेल्या बॅटवर येऊन स्थिरावायचा. बायकांच्या टेनिसला आणि बीच व्हॉलीबॉलला तो स्थिरावायचा दोन पॉइंटच्या मधल्या फ्रेमवर. सर्व्हिसची वाट बघत वाकलेली, स्कर्ट सारखा करणारी, पाणी पिणारी. चेंडू चित्रात नसायचाच. हे करणारी एकही ओळ कोणी लिहिलेली नव्हती. मी स्वतः कोड लिहिला होता, मला माहितीये. डॅशबोर्डवर ते आठ-आठ चौकोन बघून स्टँडअपमध्ये एकजण हसला, म्हणाला, "यूझर को जो चाहिए वो मिल रहा है." सगळे हसले. मीही हसलो. नंतर वाईट वाटलं म्हणून एक तिकीट टाकलं, त्याला सगळ्यात खालची प्रायॉरिटी मिळाली, सहा महिन्यांनी ते कोणीतरी बंद केलं. मी ते परत उघडलं नाही.

क्लिकची ही ताकद आपल्या जमातीला खरं तर फार आधी कळली होती. फेब्रुवारी २००१ आठवतोय? अ‍ॅना कुर्निकोव्हाचा फोटो म्हणून मेलमधून एक फाइल आली होती. नावात डॉट जेपीजी, आणि त्याच्या पुढे डॉट व्हीबीएस. विंडोज शेवटचं शेपूट लपवून ठेवायचं, त्यामुळे दिसताना फोटोच दिसायचा. उघडला की तो तुमच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना जायचा. तो बनवणारा हॉलंडचा २० वर्षांचा मुलगा काही मोठा हॅकर नव्हता, त्याने जंत बनवायचं तयार किट उतरवून घेतलं होतं. शिक्षा झाली १५० तास समाजसेवेची. त्यात हुशारीची गोष्ट एकच, फाइलचं नाव. आता कुर्निकोव्हा कोण होती? दुहेरीत जगात पहिला क्रमांक, मार्टिना हिंगिसबरोबर १९९९ आणि २००२ ची ऑस्ट्रेलियन ओपन. एकेरीतही आठव्या क्रमांकापर्यंत गेली होती. पण लोकांना एवढंच पाठ, की तिने एकेरीची एकही स्पर्धा जिंकली नाही. आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर तिचं पोस्टर होतं. एकाही पोस्टरमध्ये ती बॅकहँड मारत नव्हती.

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. बरं, मग आपल्या सांगलीची गोष्ट घ्या. २० सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत स्मृती मंधानाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केलं. वनडेमधलं भारताकडून सगळ्यात वेगवान, बायका-पुरुष दोन्ही धरून. आधीचं विराटचं होतं, ५२ चेंडूंचं, २०१३ चं. आता तुमच्या ग्रुपवर विचारून बघा, मंधानाबद्दल पहिलं काय आठवतं. 'नॅशनल क्रश' असं चारात दोघं तरी म्हणतील, कारण आपल्या वेबसाइटींनी वर्षानुवर्षं तेच छापलंय. विराटलाही पोरींनी क्रश म्हटलं असेल, नाही असं नाही. पण त्याच्या शतकाच्या बातमीचा मथळा तो नसतो. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, मंधानाने त्या स्पर्धेत ४३४ धावा केल्या. त्याच महिन्यात तिचं लग्न पुढे ढकललं गेलं, मग मोडलं, आणि त्या दिवसांत आपल्या वाहिन्यांचा वेळ ४३४ पैकी नक्की किती धावांना मिळाला ते तुम्ही पाहिलंच असेल.

याच डी. वाय. पाटीलवर २००८ ची पहिली आयपीएल फायनल झाली होती. त्या वर्षी चीअरलीडर्सच्या कपड्यांवरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. कपड्यांवर सगळे बोलले. चौकार चेंडूने गेला असताना कॅमेरा तिकडे का वळतो, यावर कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. कपड्यांचं हे असंच आहे. २००५ मध्ये १८ वर्षांच्या सानिया मिर्झाला स्कर्ट फार तोकडा म्हणून फतवा आला. २०११ मध्ये बॅडमिंटनच्या जागतिक फेडरेशनने बायकांनी स्कर्टच घालावा असा नियम काढला, तो बोंबाबोंब झाल्यावर गुंडाळला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून उतरल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. एकाला जास्त हवे, एकाला कमी हवे. खेळणारीला काय हवंय हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात येत नाही.

आणि कबड्डी. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर बायकांची एक छोटी स्पर्धा झाली होती, विमेन्स कबड्डी चॅलेंज. पुरुषांच्या संघांची नावं काय? यू मुंबा, पुणेरी पलटण, दबंग दिल्ली, पटना पायरेट्स. बायकांच्या तीन संघांची नावं? फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स, आइस दिवाज. गाव नाही, शहर नाही. सौंदर्यस्पर्धेतले गट वाटावेत अशी नावं. आपली अभिलाषा म्हात्रे, २०१२ च्या वर्ल्ड कप विजेत्या संघातली, आइस दिवाजची कप्तान. मातीत घासून गुडघे सोललेली बाई आणि 'आइस दिवा'! अंतिम सामना मात्र असा झाला की बास. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सना २४-२३ ने हरवलं, एका गुणाने. ती स्पर्धा पुन्हा काही झाली नाही.

गावाकडच्या, त्यातून आदिवासी मुलींच्या वाट्याला हे ग्लॅमर येत नाही. त्यांच्यासाठी वेगळा साचा आहे. कविता राऊत आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या, हरसूलजवळच्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ, ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी एशियन गेम्समध्ये त्याच अंतराला रौप्य, सुवर्ण गेलं साधारण एका सेकंदाने, तेही आपल्याच प्रीजा श्रीधरनला. पेपरात ती 'सावरपाडा एक्सप्रेस'. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर 'माणदेशी एक्सप्रेस', उषा 'पय्योली एक्सप्रेस', हिमा दास 'ढिंग एक्सप्रेस'. खेड्यातून बाई पळाली की तिची गाडी करायची आणि फोटो घ्यायचा चुलीपुढे नाहीतर हंडा घेऊन. दहा हजार मीटरच्या शेवटच्या चार फेऱ्यांत कविता काय करत होती, कधी वेग वाढवला, एक सेकंद कुठे गेला, हे मी तेव्हा मराठीत शोधलं होतं. पाड्याबद्दल भरपूर मिळालं.

म्हणजे एकीचं अंग विकायचं आणि दुसरीची गरिबी. पळणं, मारणं, पकडणं दोन्हीकडे चौकटीबाहेर.

हे सगळं मी त्या दुपारी मास्तरला ऐकवत होतो, जरा आवेशातच. तो शांतपणे चहा गाळत होता. मग म्हणाला, "तू वर्ल्ड कपचं सांगतोयस. माझ्याकडे तालुक्याचं आहे."

त्याच्या शाळेच्या मुलींचा कबड्डीचा संघ चांगला आहे. त्यात एक पोरगी चढाईला जबरदस्त, पायात स्प्रिंग असल्यासारखी. गेल्या वर्षी एका स्पर्धेत बाहेर उभ्या असलेल्या कोणीतरी मोबाइलवर तिचं शूटिंग केलं. पकडीतून सुटताना ती जमिनीवर आडवी झालेली, जर्सी वर सरकलेली, तेवढाच तुकडा स्लो मोशनमध्ये, खाली गाणं. रील झाली. तीन गुणांची चढाई होती ती, मास्तर म्हणाला, पण मध्यरेषेला हात लागतो ते रीलमध्ये नव्हतंच, त्याच्या आधीच कापलेलं. मोलगीच्या बाजारापर्यंत पोरांच्या मोबाइलवर फिरली. वडिलांपर्यंत पोचली. वडील काही रागावले नाहीत म्हणे, शाळेत आले, म्हणाले, "सर, शिकू द्या तिला. ते खेळायचं बंद करा."

"मग?"

"मग काय. आता ती गुण लिहिते."

त्यानंतर पेपरवाले आले होते, संघाचा फोटो घ्यायला. त्यांनी मुलींना विचारलं, घरून चांदी आणता येईल का, पारंपरिक वेशात फोटो छान येईल. हे सांगताना मास्तरला हसू आलं, मला आलं नाही. माझा लॅपटॉप अजून उघडाच होता.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मला त्या स्टँडअपमध्ये सुचायला हवी होती. 'यूझरला हेच हवंय' हे अर्धंच खरं आहे. यूझर निवडतो, पण आठातून निवडतो. ते आठ कुठून येतात? प्रक्षेपणातून. कॅमेरा दोन पॉइंटच्या मध्ये खेळाडूच्या कमरेवर रेंगाळला नसता, तर ती फ्रेम प्रोग्रामच्या हाती लागलीच नसती, आणि त्याने बिचाऱ्याने उरलेल्यांतली बरी निवडली असती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला प्रक्षेपणाच्या प्रमुखांनी कॅमेरामन लोकांना उघड सांगितलं होतं की बाई आणि पुरुष एकाच पद्धतीने दाखवा, बायकांचे क्लोज-अप जास्त घेतले जातात. ऑलिंपिक सुरू होऊन शंभर वर्षं उलटल्यावर सांगावं लागलं, पण सांगितलं तरी. आणि गेल्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला, ३० ऑक्टोबर २०२५, आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले, ३३९ चा पाठलाग पूर्ण झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी जो फोटो पुढे पाठवला तो आठवा. मातीने बरबटलेली जर्सी, रडणारी पोरगी. त्यावरही लाखो क्लिक पडले. फ्रेम हाती आली तर लोक ती घेतात.

काठीच्या रात्री आठ फ्रेम काढणारा मी होतो. पदर ओढणाऱ्या पोरीचे फोटो मी उडवले. बाकीचे अजून तसेच आहेत, काय करावं कळत नाही. त्यातले काही खरंच चांगले आलेत.

परतायच्या दिवशी सकाळी मास्तरबरोबर मैदानावर गेलो. होळीमुळे शाळा रिकामी होती, पण आसपासच्या गावातल्या बऱ्याच मुली आल्या होत्या. कॅमेरा मी मुद्दामच खोलीवर ठेवला होता. कडेला बांधावर एक मुलगी मांडीवर वही घेऊन बसलेली. मास्तरने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने खेळ थांबला आणि भांडण सुरू झालं. त्यांच्या बोलीत चाललेलं, मला एकच शब्द कळत होता, 'बोनस'. चढाईवालीचं म्हणणं पाय बोनस रेषेच्या पलीकडे पडला, मागचा पाय उचललेला होता. वहीवाली मान हलवत होती. दोन्ही बाजू आवाज चढवायला लागल्या तशी ती उठली आणि माझ्याकडे येऊन शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "सर, तुमच्याकडे मोबाइल आहे ना? इथे खाली बसा. रेषेच्या बाजूने. फक्त पाय दिसले पाहिजेत."

मी मास्तरकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

बसलो मातीत. तिने फोन माझ्या हातातच हवा तेवढा तिरका केला, अगदी जमिनीला टेकवून. चढाईवालीने तशीच चढाई पुन्हा केली. चौकटीत काहीच नव्हतं, चुन्याची रेषा, धूळ आणि दोन पाय. मग फोन माझ्याकडून घेऊन ती बोटाने एकेक फ्रेम मागे-पुढे करत बसली. भोवती सगळ्या वाकलेल्या. एका ठिकाणी ती थांबली, फोटो मोठा केला, सगळ्यांना दाखवला. अंगठा रेषेच्या अलीकडे होता, दोन बोटं.

"नाही गेला," ती म्हणाली, आणि वहीत काही न लिहिता परत बांधावर जाऊन बसली.